शेरा

सातपूरला, रबराच्या कारखान्यावरच्या मजल्यावर
रात्रपाळीत मी मासे मोजते.
मासे नाहीत, त्यांचे आकडे :
कुणीतरी बर्फावर बसून पेन्सिलीनं भरलेल्या वह्या,
ओल लागून एक आणि सात सारखेच झालेले.
लांबी, वजन, पकडल्याची तारीख
आणि शेवटी शेरा. तो बहुधा कोरा.

तिकडे म्हणे उन्हाळा दोन-अडीच महिन्यांचा.
तेवढ्यात काय वाढायचं ते वाढायचं,
उरलेलं वर्ष नुसतं टिकायचं.
एक जात तर अशी, की बारा वर्षांचा मासा
माझ्या वितीत मावतो.

अण्णा ऐकून हसले.
"बारा वर्षं? आपल्या गंगापूर धरणात
कटला दुसऱ्या दिवाळीला दोन किलोचा."
चाळीस वर्षं जाळ्यावर गेलेली.
काट्याकडे न बघता वजन सांगायचे,
चुकलेच तर पावशेरानं, तेही गिऱ्हाइकाच्या बाजूनं.
"मासा आधी लांब होतो गं, मग भरतो.
लांबीला दुप्पट झाला की वजनाला आठपट धर."
आमच्या कामाच्या पुस्तिकेत
एवढ्यालाच तीन पानं लागलीत.

काल एक मासा दोनदा आला.
पाठीच्या पंखाशी खूण अडकवलेला, नंबर तीनशे अठरा.
आधी चारशे बारा मिलिमीटर, सहाशे नव्वद ग्रॅम.
पाच वर्षांनी, त्याच खाडीत,
चारशे एकोणीस. पाचशे पंचेचाळीस.
चौकट लाल झाली.
सौंदाणे साहेब म्हणाले, वही भिजली असेल, उडव.

उडवला नाही. सकाळी घरी जाऊन विचारलं.
अण्णा कॉटवर,
सदऱ्याची कॉलर गळ्यापासून दोन बोटं लांब.
दवाखान्याच्या कार्डावर जानेवारीत एकाहत्तर, जूनमध्ये चोपन्न,
उंची दोन्हीकडे तीच.
थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले.
"कोणत्या महिन्यात धरला?"
पहिल्यांदा सप्टेंबर. मग जून.
"म्हणजे हिवाळा काढून आलाय तो.
डोकं मोठं दिसत असेल, पाठ धारेवर आलेली.
मेला नव्हता ना?"
नाही. लिहिलंय, परत सोडला.
"मग झालं तर," म्हणाले,
आणि कुशीवर वळायला माझा हात मागितला.

आज रात्री शेऱ्यात टाइप केलं :
हिवाळा काढून आलेला.
चौकट लालच आहे.
खाली भोंगा झाला, पाळी बदलली.
मी तीनशे एकोणीस उघडला.