रकाना सात

पंचायतीच्या फॉर्मात रकाना सात :
'गावाचा इतिहास, चार ओळींत.'

बाळकू रामोशी म्हणाला,
लिही, चोरसुद्धा आम्हाला विचारून यायचे.
हुसेन मुलाणी हसला.
पटकीच्या साली त्याच्या पणजानं
एकट्यानं अकरा मढी पुरली;
कुणाला जाळायचं होतं
हे सांगायला माणूस उरला नव्हता.
उरुसाचा पहिला नारळ म्हणून जगतापांचा.
जगताप मात्र हे सांगत नाहीत.

नाव हिवरटेक, पण हिवर एकही नाही.
धनगर म्हणतात, हिवऱ्या नावाचा मेंढा
सासवडच्या वाटेवर इथं बसला,
चार माणसांनी ओढला,
उठलाच नाही.
मग तेही बसले.

यल्लूबाई वडारीण उशिरा बोलली.
विहिरीचा कातळ तिच्या सासऱ्यानं फोडला,
पाणी लागलं, तो वर आला नाही.
वैशाखात बादली तळाला टेकली
की खालून छिन्नी वाजते.
मी ऐकलीय. दोर घासला असेल.

तालुक्याहून फोन :
माहिती नसेल तर आडवी रेघ मारा.
मारली. पेन्सिलीनं.
यल्लूबाई कागदावर वाकली,
अक्षर येत नाही तिला,
म्हणाली, आडवी कशाला?
खाली सोड की,
तळाला पोचेल एवढी.