समजा

ऑगस्टअखेर खोकी आली.
निळ्या पुठ्ठ्याची सातशे पुस्तकं,
आणि वर डीनच्या कचेरीचं पत्र:
पहिल्या वर्षाला यंदा सगळ्यांना हे एकच पुस्तक,
आणि ते प्रत्येक विषयात आलं पाहिजे.
'प्रत्येक'खाली रेघ.

इंग्रजीवाल्यांचं काय, त्यांच्या घरचंच कार्य.
रसायनच्या फिलोमिनाबाईंनी पाण्यातले क्षार काढले,
वाणिज्यवाल्यांनी पाण्याचा लिलाव.
मी गणिताची. मी काय, पानांचे आकडे मोजू?

पुस्तक तसं लहान. एका म्हाताऱ्याचं,
जो निझवाजवळच्या एका गावात
फलजच्या पाण्याच्या पाळ्या लावायचा,
दिवसा रोवलेल्या काठीच्या सावलीवर,
रात्री ताऱ्यांवर.
एक अथर म्हणजे अर्धा तास, असं तळटीप सांगते.
पान सत्त्याऐंशीवर त्याच्या बहिणीचा वाटा:
अडीच अथर, दर आठव्या दिवशी, पहाटेचे.
आणि बहीण भांडते, की गेल्या खेपेला तारा लवकर बुडाला.

त्या रात्री पुस्तक खाली ठेवलं नाही.
माझे वडील साक्रीकडे, पांझरेच्या फडावर, पाटकरी होते.
खांद्याला फावडं,
खिशात घड्याळ, तेही अडकणारं.
ते म्हणतील ती वेळ.
अकरा वर्षांत इथे हे कुणाला बोलले नाही.
गाव विचारलं की पुणे सांगते,
सोपं पडतं.

रविवारी पहिला तास.
फळ्यावर लिहिलं: समजा, एक अथर बरोबर तीस मिनिटं.
लिहिलं अर्थात इंग्रजीत,
पण गणित माझ्या डोक्यात अजून 'समजा'नेच सुरू होतं,
तो एकच शब्द, धरून चाला म्हणणारा
आणि उमजून घ्या म्हणणाराही.

मागून अझ्झान म्हणाला, "मिस, नाही होत."
काय नाही होत?
"तीस. आमच्या गावात या ताऱ्यापासून त्या ताऱ्यापर्यंत.
कधी पंचवीस, कधी चाळीस.
डोंगर मध्ये येतो ना.
पुस्तकवाला शहरातला असणार."
गालिया हात वर न करताच बोलली:
"आमच्या वडिलांनी बोअर मारली.
शेजारी म्हणतात, फलज त्यानेच आटला.
याची सरासरी कशी काढायची?"
सोहारचा इरफान बलुशी गप्प.
त्याच्या पुस्तकाची पानं अजून एकमेकांना चिकटलेली.

माझ्या हातात उत्तरं होती, टाइप केलेली.
घडी घालून पर्समध्ये टाकली.
म्हटलं, घरी विचारून या, तुमचा अथर केवढा.

पुढच्या रविवारी तक्ता भरला.
तेवीस. एकतीस. अडतीस.
'आजोबा झोपले होते.'
'आई म्हणाली, कशाला हवंय?'
इरफानने त्याच्या आजोबांची भरती-ओहोटी आणली,
ती कुठल्या रकान्यात बसवायची कुणालाच कळेना.
आणि थुरय्या, हळूच:
"आमच्याकडे तारे माहीत असलेला माणूस मार्चमध्ये गेला.
शून्य लिहू?"

शून्य नाही, म्हटलं. रिकामं ठेव.
शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही.
रिकामं म्हणजे
पुढे मला इंग्रजी सुचलं नाही.
तिने मान हलवली आणि रिकामं ठेवलं.

कचेरीचा फॉर्म आला:
पुस्तक विषयात समाविष्ट केले काय? हो / नाही.
हो-वर खूण केली.
शेरा म्हणून तीन ओळींची जागा होती, ती तशीच सोडली.

त्याआधी मात्र, तास संपता संपता,
तक्त्याच्या तळाशी मी एक ओळ वाढवली होती.
गाव: साक्री. साधन: घड्याळ, अडकणारं.
मिनिटं: आणि तिथे खडू थांबला.
मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

इरफानने विचारलं,
"मिस, साक्री कुठल्या विलायतेत येतं?"
इथे विलायत म्हणजे तालुका.
मी हसत सुटले,
वर्गाला कळेना काय झालं,
आणि बाहेर पुढच्या तासाची मुलं
दारात उभी राहिली होती, निळी पुस्तकं घेऊन.