वापरलेलं

कीथलीत, चढावरच्या चर्चच्या हॉलात
महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
मोठी झालेली मुलं विकायला येतात.
म्हणजे त्यांचे कपडे.
म्हणजे घडीच्या टेबलांवर
शून्य ते तीन, तीन ते सहा, सहा ते नऊ
अशा ढिगांत त्यांचे सरलेले महिने.

दाराशी पन्नास पेन्स घेऊन
एक बाई हातावर निळा शिक्का मारते.
सातवा, मी सांगून टाकते,
तिने काही विचारलेलं नसताना.

हेरंब बाहेर गाडीपाशीच थांबलाय.
पहिलं मूल, सगळं नवं नको का?
आपण काय इतके...
वाक्य तो पुरं करत नाही.
मीही करू देत नाही.

नवं घेतलं होतं की.
मागच्या वर्षी, ब्रॅडफर्डच्या मोठ्या दुकानातून,
पांढरी झबली, सहाचा संच,
गळ्यापाशी किमतीची चिठ्ठी, प्लास्टिकच्या दोऱ्यात.
पावत्या जपून ठेवायची सवय मला बाबांची.
अठ्ठावीस दिवसांच्या आत
पिशवी काउंटरवर ठेवली तेव्हा
तिथल्या पोराने मान वर न करता विचारलं,
"साइज चुकली?"
मी हो म्हटलं.
पैसे चार दिवसांत खात्यात परत आले,
कबूल केल्याप्रमाणे.

म्हणून आता मी शोधते
वापरल्याचा पुरावा.
कोपराशी गोळे आलेला स्वेटर घेते.
लाळेऱ्यावरचा गाजराचा डाग
नखाने खरवडून बघते. पक्का आहे. घेते.
एका टोपड्याच्या आत नाव शिवलंय, आर्ची डब्ल्यू.
आर्ची, तुझं डोकं यात मावेनासं झालं,
केवढी मोठी गोष्ट आहे ही,
तुला कोणी सांगितलं का?

गाडीची सीट तेवढी जुनी घेऊ नकोस,
मिडवाइफने दोनदा बजावलंय.
अपघातातून गेलेली सीट
वरून अगदी चांगली दिसते.
हे मला तिने समजावून सांगायची गरज नव्हती.

शेवटच्या टेबलामागे डेनिस,
आणि भिंतीला टेकवलेली तिची कॉट.
वरच्या दांडीवर बारीक खाचा,
उंदीर लागल्यासारख्या.
"हे आमच्या कॅलमचे दात," ती बोट फिरवते,
"आणि हे जेसचे, ती भारी रागीट.
घासून पॉलिश मारलं की जातील, लव्ह.
त्याचे पाच कमी करते."
नको, मी म्हणते, पाच कमी करू नका.
तिला वाटतं माझं इंग्रजी कच्चं.
सीताबर्डीवर पाच रुपयांसाठी
दुकानाची पायरी उतरून पुन्हा चढणाऱ्या
बाईची मी मुलगी.
पूर्ण तीस पौंड मोजते.
एक स्क्रू कमी आहे, तेही डेनिस सांगून टाकते.
कॅलम आता शिपलीला छपरं घालतो,
उंचावर उभं राहायची भीती म्हणून नाही त्याला.

आई फोनवर म्हणते, आधी काही आणू नये घरात.
आणि तीच म्हणते, पहिलं अंगडं मात्र जुनं घालावं,
जगल्यावाढल्या लेकराचं, मागून आणलेलं.
मी दोन्ही ऐकते.
कॉट शेजारच्या नसीमच्या गॅरेजात राहील.
टोपडं माझ्या उशीखाली.
तेवढ्याने काही होत नाही.
काही होत नाही ना?

निघताना दारावर चिकटवलेला कागद,
जाड पेनाने, ओळ खाली उतरत गेलेली.
आहे इंग्रजीत, पण मी तो आपल्या दुकानांतल्या पाटीसारखा वाचते:
विकलेला माल परत घेतला जाणार नाही.
पुन्हा एकदा वाचते.

"तू उचलू नकोस!" हेरंब धावत येतो,
कॉट एकटाच कडेला घेतो,
पायऱ्यांवर थांबतो, दांडी उजेडाकडे वळवतो.
"अगं, हे बघितलंस का?
कुणीतरी कुरतडलंय हिला."

हो, मी म्हणते.
कुणीतरी कुरतडलंय.