खंड

हेल्लेवी निवृत्त झाली तेव्हा तिनं मला
किल्ली नाही, अख्खं कपाटच दिलं.
पत्र्याचं, अठ्ठावीस खणांचं. खणांत कार्डं,
कार्डांवर वर्षांच्या ओळी, अंकांची घरं,
आणि अंक आला की घरात पेन्सिलीची बारीक खूण.
'शाई वापरू नकोस,' म्हणाली,
'शाईला वाटतं, सगळं मिटलं.'

माझ्याकडे आता अंक येत नाहीत. दुवे येतात.
जानेवारीत, योएन्सूत उणे सत्तावीस असताना,
मी अकरा हजार नियतकालिकांच्या गठ्ठ्याचं नूतनीकरण करते,
त्यातली नऊ हजार कुणी मागितलेलीच नसतात.
मीठ हवं ना? मग साखरेचं पोतंही उचला.
कराराच्या एकोणिसाव्या पानावर
'वर्गणी थांबल्यास' नंतर एक स्वल्पविराम आहे,
त्याच्यासाठी मी दोन आठवडे भांडले.
वाचकाला यातलं काही दिसत नाही.
त्याच्यासाठी दोनच गोष्टी असतात:
उघडलं. उघडलं नाही.

मेअखेरीस ताइस्तो इकॅवाल्को आला,
इलोमान्त्सीच्या दलदलीत चाळीस वर्षं पाणी मोजणारा,
बुटांना काळा चिखल, हातात चिठ्ठी:
'खंड एकतीस, अंक दोन. उघडत नाही.'
मी नेहमीचं सगळं केलं.
ब्राउझर बदलला, पासवर्ड पुन्हा घातला,
सर्व्हर आपल्याला ओळखतो का ते पाहिलं. ओळखत होता.
अंक एक होता, अंक तीन होता,
मधे स्वच्छ पांढरं पान.

प्रकाशकाला लिहिलं.
म्हणजे ज्यानं त्याला विकत घेतलं त्याला,
खरं तर ज्यानं त्यालाही घेतलं त्याला.
उत्तर मनिलाहून आलं, पहाटे तीनला, फार सभ्य.
खाली रोडेलियो अशी सही:
'महोदया, आमचं स्कॅनिंग ज्या छापील संचावरून झालं
तो आपल्याच ग्रंथालयाचा होता.'

तळघरात जाऊन कार्ड काढलं.
एकतिसाव्या ओळीत पहिल्या घरात खूण,
तिसऱ्यात, चौथ्यात.
दुसऱ्यात हेल्लेवीचं मुंगीसारखं अक्षर:
स्मरणपत्र. स्मरणपत्र. टपाल संप. स्मरणपत्र.
छापखाना म्हणतो प्रती संपल्या.
मग एक प्रश्नचिन्ह,
तेवीस वर्षं तसंच उभं.

आमच्या फळीवरची बोटभर फट
जगभर गेली होती.
लिमात, पर्थमध्ये, जिथे कुणी पैसे मोजून दार उघडलं
तिथे आमच्या टपाल संपाचा
खंड पडलेला होता खंडात.

हेल्लेवीला फोन लावला. ती होडीला रंग देत होती.
'तार्तूच्या उर्वेला विचार,' म्हणाली,
'ती काही टाकत नाही. नवराही टाकला नाही तिनं.'

अकराव्या दिवशी सेहेचाळीस फोटो आले, मोबाइलवरचे,
प्रत्येक पानाच्या कडेला उर्वेचा अंगठा,
अंगठ्याला चिकटपट्टी.
ताइस्तोला त्या सगळ्यातली एकच संख्या हवी होती,
त्या जूनमधली पाण्याची पातळी. पान सत्त्याऐंशी.
ती अर्धी अंगठ्याखाली.

'उर्वे, अंगठा.'
'माफ कर.'
एकोणीस सेंटिमीटर.
ताइस्तोनं टोपी काढली,
डोकं खाजवलं, पुन्हा घातली, गेला.

हे अंगठे मला कुठे चढवता येत नाहीत.
एकोणिसावं पान मीच तोंडपाठ केलंय.
मनिलाला पाठवले, तर उत्तर आलं:
'प्रकरण बंद. सेवेबद्दल किती तारे द्याल?'
चार दिले. रोडेलियोचा काय दोष.

कार्डावरच्या दुसऱ्या घरात खूण करावी की नाही,
अजून ठरलेलं नाही.
अंक तर आला नाही. अंगठा आला.

डिसेंबरात वापराचा तक्ता आला.
या नियतकालिकाचं वर्षभरात उघडणं: दोनदा.
दर वेळेमागे चारशे सहा युरो.
शेजारी लाल रंगात, आपोआप: बंद करावे.
पुढचा रकाना माझ्या अभिप्रायाचा,
त्यात हो किंवा नाही, एवढंच निवडता येतं.

पेन्सिल चालत नाही.