नाकासमोर

बुकॉमच्या गल्लीतून रात्री साडेअकराला
ओडार्टेला आणलं, टॅक्सीच्या मागच्या सीटवर.
नाकाला टॉवेल, टॉवेलवर
परवाच्या लढतीची जाहिरात: साबणाची.
'रक्त तर तेव्हाच थांबलं,' क्वार्टे म्हणाले, त्याचे उस्ताद,
'आता नुसतं चोंदलंय.'
आई अडोले बोलली नाही.
तिच्या हातांना आंबवलेल्या मक्याचा वास होता,
जो तिच्या मुलाला दोन दिवस येत नव्हता.

मी कपाळावर दिवा ओढला.
दोन्ही नाकपुड्यांत, मधोमध,
पिकल्या जांभळाच्या रंगाचे दोन फुगे
पाठीला पाठ लावून बसलेले.
दाबले, तर मऊ.
हे मऊ असणंच वाईट.

बसा क्वार्टे, सांगते.
नाकात मधे एक भिंत असते.
मागच्या अंगाला हाडाची:
वरून चाळणीच्या हाडाचा पातळ पत्रा उतरतो,
तीच चाळणी, जिच्या भोकांतून वासाचे धागे मेंदूत जातात;
खालून नांगराच्या फाळासारखं एक हाड वर येतं,
जे जन्मभर काहीच नांगरत नाही.
दोघांच्या बेचक्यात पुढून येऊन बसते कूर्चा.
चौकोनी, म्हणायला चौकोनी.
वाकते, परत सरळ होते,
म्हणून तर तिला पुढे उभं केलंय.
शिकताना मी ती बोटांत धरली होती, एका मेलेल्या कोळ्याची:
कोवळं खोबरं जसं वाकतं, तशी.

आणि तिला स्वतःचं रक्त नाही.
एक थेंब नाही.
दोन्हीकडचं ओलं अस्तर तिला बिलगून असतं,
त्याच्या पाझरावर ती जगते,
दोन शेजाऱ्यांच्या उसनवारीवर.
त्या अस्तरात, अगदी पुढे, बोट पोचेल तिथे,
शिरांचा एवढा गुंता
की हर्माटन सुटला, सहाराची धूळ आली,
की अर्ध्या आक्राच्या पोरांच्या उश्या लाल.

ठोसा बसला. भिंत वाकली, अस्तर सुटलं,
मधल्या फटीत रक्त साचलं.
आता ती
रक्ताने वेढलेली
रक्तावाचून मरते आहे. तीन दिवस. फार तर चार.
मग नाकाचा कणा खाली बसतो, खोगिरासारखा.

क्वार्टेंचं बोट आपसूक स्वतःच्या नाकावर गेलं.
तिथे खळगा होता.
'लोमेला,' ते म्हणाले, 'जिंकलो होतो मी.
वाटलं, सूज आहे, उतरेल.'

भूल देऊन बारीक काप दिला.
काळं रक्त ट्रेमध्ये आलं, घट्ट, चिकट.
ओडार्टे ओरडला नाही,
फक्त पायाचा एक अंगठा दुसऱ्यावर चढला.
आत धुतलं. अस्तरं परत भिंतीला टेकवली
आणि गोधडीला घालतात तसे
आरपार टाके घातले,
दोन शेजारी, मधली भिंत, एक दोरा.

'भिंत डावीकडे कललेली आहे,' मी म्हटलं, 'पण ते जुनं.
बहुतेकांची असते. सरळ मी फक्त पुस्तकात पाहिली.'
अडोले पहिल्यांदा बोलली:
'लहानपणापासून सांगत आले, नाकासमोर चाल.'
जरा थांबली.
'आमच्या दारातून शाळा उजवीकडे.
रिंग डावीकडे.'
टाक्यांसकट ओडार्टे हसायला गेला
आणि मी त्याला दम दिला.

दीड वाजता खोलीतला पंखा बंद केला.
तरी एक बारीक शिट्टी येत राहिली,
लांब, मग थांबून परत,
जी इतका वेळ मी पंख्याची समजत होते.
क्वार्टे खुर्चीत डोळे मिटून बसले होते.
आत घेतलेला श्वास
कुठल्याशा भोकातून इकडचा तिकडे जात होता.
'उस्ताद,' मी म्हटलं, 'दिव्याखाली या.'
'माझं राहू द्या,' ते म्हणाले.
'ते आता वाजतं फक्त.'