शहात्तर दिवस

समुद्र कसारा घाटाच्या पलीकडे, खाली.
आमच्याकडे तो बादलीतून येतो,
पांढरी भुकटी, झाकणावर प्रवाळाचं चित्र.
गंगापूर धरणाचं पाणी आधी गाळून निर्मळ करायचं,
मग त्यात समुद्र कालवायचा
आणि पंप सुरू ठेवून झोपायचं.

रिफ्रॅक्टोमीटर मला नवा नाही.
पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये अकरा वर्षं
मण्याचा रस काचेवर पिळून
एक डोळा मिटून साखर वाचते.
घरी दुसऱ्या यंत्रात तोच डोळा मिटून मीठ वाचते.
आकडा बरोबर म्हणजे सगळं बरोबर,
ही सवय तिथली.

दोन क्लाऊनफिश. नावं शार्दूलनं ठेवली:
मोठी मनुका, लहान बेदाणा.
अश्फाक दुकानातच म्हणाला होता,
ताई, महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा.
मी म्हटलं, बघू.
पाहुण्याला कुणी दाराबाहेर ठेवतं का?

शनिवारी मनुकाच्या कल्ल्यामागे तीन कण.
मला वाटलं, मीठ चिकटलं असेल.
पाण्यात मीठ चिकटत नाही, विरघळतं,
हे बीएस्सी झालेली बाई विसरली.
सोमवारी सतरा. ती दगडाला अंग घासत होती.
बुधवारी एकही नाही.
मी शार्दूलला झोपेतून उठवून दाखवलं.

चहाला बोरस्ते अण्णा भेटले, त्यांना आनंदानं सांगितलं.
बागेतला माणूस. बशी खाली ठेवून म्हणाले,
पानावरचा डाग गेला म्हणजे डावणी गेली नाही गं.
ती खाली पडल्या पानात जाऊन बसते.

रविवारी परत आले.
कुणी रवा भुरभुरावा तसे,
बेदाण्याच्याही अंगावर.

औषध तांब्याचं. मोरचुदाच्याच गोतातलं.
बागेत ते चुन्यात मिसळून ढगासारखं फवारतात,
इथे थेंब मोजायचे.
कमी पडलं तर रोगाला फरक पडत नाही,
जास्त झालं तर माशाला पडतो.
मोठ्या टाकीत ओतू नका, अश्फाक फोनवर ओरडला,
कोळंबी मरेल, दगड तांबं पिऊन बसतील!

मग गॅलरीत प्लास्टिकचा टब.
लपायला ठिबकच्या पाईपाचे तुकडे.
निफाडला पारा सहावर, टबात सव्वीस,
आणि वीजबिलाचा विषय घरात कुणी काढत नाही.
रोज रात्री नळीतला निळा
कागदावरच्या निळ्याशी ताडून पाहायचा.
शार्दूल दिव्यापाशी धरून सांगतो,
फिकाय, आई.

मनुका पाचव्या रात्री गेली.
लोक लांबून अस्थी घेऊन रामकुंडावर येतात.
तिला नदी नको वाटली.
जन्मात गोडं पाणी न पाहिलेला जीव,
शेवटी कशाला परका करायचा?
कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली.

आता मोठी टाकी रिकामी. शहात्तर दिवस.
मासाच नसला की तो किडा
कुणाच्या अंगावर जगणार?
उपाशी मरेल, असं गणित आहे.
दिवे वेळेवर लागतात, वेळेवर मालवतात,
एकटी कोळंबी दगडावर मिशा हलवत बसते.
शेजारच्या सानपबाई विचारतात, यात आहे काय?
मी म्हणते, पाणी.

एखाद्याला पाण्यात पाहणं म्हणजे काय
ते मला या वयात शब्दशः कळलं.
डोळ्यांना न दिसणारा तो,
आणि मी काचेला नाक लावून
रोज त्याला पाहते.

आज एक्केचाळिसावा.
बेदाणा टबात खातोय, बोटाच्या मागे येतोय,
अंगाला एक डाग नाही,
आणि मी मुळीच आनंदलेली नाही, म्हणजे तसं ठरवलंय.
अश्फाक सांगत होता,
मोठी गेली की उरलेला वाढतो,
पुढे त्याचीच मादी होते.
बेदाण्याची मनुका.
शार्दूलला अजून सांगितलं नाही.
आधी पस्तीस दिवस जाऊ देत.