वारा म्हणजे तारा

तिचं नाव वारा.
तिच्या आयमारा भाषेत वारा म्हणजे तारा.
आपल्याकडे वारा म्हणजे वाराच,
आणि तिच्या गावात, एल आल्तोत, तोच जरा कमी:
इतक्या उंचावर वसलंय ते
की हवासुद्धा वर येता येता विरळ होते.

सपाटीवरच्या सांताक्रूझहून मावसभाऊ आला, एल्मेर.
एक जिना चढला आणि बसला मटकन.
"वारा, छातीत कुणीतरी दार ठोठावतंय!"

तिने त्याच्या सदऱ्याला कान लावला.
लब्-डप्. लब्-डप्. लब्-डप्.
"ठोठावत नाहीये रे, दारं मिटतायत.
रक्त पुढे गेलं की मागची झडप बंद.
परत फिरायचं नाही."

वाराची आई रोपवेच्या ठाण्यात आहे.
केबिन आली, दार उघडलं, चढा, उतरा, चला!
म्हणून वाराला जगातलं सगळं
तारेवरून फिरताना दिसतं.

"मूठ वळ. एवढंच तुझं हृदय.
आत चार खोल्या, उजव्या दोन, डाव्या दोन,
मधल्या भिंतीला खिडकीसुद्धा नाही.
उजवीकडे येतं फिरून दमलेलं रक्त,
ते जातं फुप्फुसांत, इथेच, शेजारी.
तिथे प्राणवायू चढतो केबिनीत.
केबिनी म्हणजे तांबड्या पेशी,
टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात लाखो!
मग सगळ्या डावीकडे परत.
डावी बाजू जास्त दणकट,
तिला लांब ढकलायचं असतं ना:
डोक्यात, ढोपरात, करंगळीच्या नखाखाली."

(आपल्या मराठीत या वाटांना मुलींची नावं आहेत.
हृदयातून निघते ती रोहिणी, उसळत, उड्या मारत;
हृदयाकडे येते ती नीला, सावकाश, शाळा सुटल्यासारखी.
दोघींच्या मधे केसाहून बारीक गल्ल्या,
तिथे पेशी एकामागून एक, अंग चोरून जातात,
प्राणवायू उतरवतात
आणि वापरलेली हवा घेऊन निघतात.)

"मग माझंच का एवढं धडधडतंय?"
"इथे हवा विरळ. केबिनीत काही जागा
रिकाम्याच राहतात.
म्हणून तुझं हृदय गाड्या भराभर सोडतंय.
थांब थोडे आठवडे,
तुझी हाडं नव्या केबिनी बनवतील."

"हाडं?"

"हाडांच्या पोटात कारखाना असतो.
मला काय विचारतोस, दवाखान्यातल्या बाईंना विचार.
आणि तो मुन्याचा चहा पी, गार होतोय."

रात्री रोपवे थांबला.
आई आली, बूट काढले, पाय शेगडीपाशी पसरले.
खाली दरीत ला पाझचे दिवे,
वर तिच्या नावाचे.
एल्मेर जागाच, छातीवर हात.

"वारा, झोपलीस?
तुझ्या आईला रात्रीची सुट्टी.
याला कधी?"

गोधडीतून पेंगुळलेला आवाज आला,
"आहे की.
दोन ठोक्यांच्या मधे."